काळा दगड, काळी माती : परभणी जिल्ह्यातील मंदिरबांधणी

परभणी जिल्ह्याची जमीन खणली की आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. उत्तरेला जिंतूरकडे डोंगराळ भाग, दक्षिणेला गंगाखेडच्या पलीकडे बालाघाटाच्या रांगा आणि मधल्या सपाटीतून गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्या, असा हा प्रदेश आहे. येथील मध्ययुगीन मंदिरे याच पाषाणाची आहेत आणि उभीही आहेत याच मातीवर. दगड अतिशय जड व टणक. माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगणारी, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडणारी. मंदिर मोठे करायचे म्हणजे वजन वाढवायचे, आणि वजन वाढवायचे म्हणजे ते या मातीवर पेलायचे. अकराव्या ते तेराव्या शतकांतील कारागिरांना ही अडचण प्रत्येक ठिकाणी सोडवावी लागली, आणि त्यांनी काढलेल्या तोडग्यांतून या भागाच्या मंदिरांना आजचे रूप आले.

दगडी मंदिरांच्या आधी मराठवाड्यात वीट आणि लाकूड यांचे काम होते. तेर येथील त्रिविक्रम आणि उत्तरेश्वर ही विटांची मंदिरे त्याची साक्ष देतात. उत्तरेश्वराच्या विटांवरील नक्षी पाहिली की पुढे दगडावर आलेल्या अलंकरणाचे मूळ लक्षात येते. दुसरी परंपरा कोरीव लेण्यांची. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, म्हणजे आठव्या शतकातले. तेथे बांधणी अशी नाहीच. उभा डोंगर वरून खाली कोरत आणला आहे. जिंतूरजवळील नेमगिरीची जैन लेणी याच प्रकारात मोडतात. लेण्यात वजनाचा प्रश्न येत नाही, कारण खांब आणि छत एकाच खडकाचे असतात. खांब काढला तरी बहुधा छत जागेवरच राहते. बांधीव मंदिरात मात्र प्रत्येक चिरा खालच्या चिऱ्यावर टेकलेला असतो. डोंगर कोरणाऱ्या हातांना चिरे रचायला शिकावे लागले, आणि हा बदल एका पिढीत झालेला नाही.

परभणीच्या नावाशी जोडलेला एक महत्त्वाचा पुरावा याच संधिकाळातला आहे. वेमुलवाडच्या चालुक्य घराण्यातील तिसरा अरिकेसरी याचा ताम्रपट परभणीला सापडला. तो शके ८८८ चा, म्हणजे इ. स. ९६६ चा आहे. अरिकेसरीच्या पित्याने, बद्देगाने, लेंबुलपाटक येथे ‘शुभधाम जिनालय’ बांधले होते. त्या जिनालयासाठी एक गाव ‘यशस्तिलक’ या संस्कृत ग्रंथाचे कर्ते सोमदेवसूरी यांना दान दिल्याचे या ताम्रपटात नोंदले आहे. जिनालय आजच्या तेलंगणात होते, परभणीत नव्हे. तरीही मंदिराचे अर्थकारण समजून घेण्यासाठी हा पट मोलाचा आहे. पित्याने बांधलेल्या वास्तूची डागडुजी आणि पूजा चालू राहावी म्हणून पुत्राने एका गावाचे उत्पन्न लावून दिले. मंदिर उभे करणे हा एकदाचा खर्च, पण ते टिकवणे हा कायमचा खर्च असतो, याची जाण हजार वर्षांपूर्वीच्या दानपत्रांत सर्वत्र दिसते.

दहाव्या शतकाच्या अखेरीस राष्ट्रकूटांची सत्ता संपून कल्याणीच्या चालुक्यांची आली आणि मराठवाड्यात मंदिरबांधणीला बहर आला. सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या दीर्घ राजवटीत गोदावरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यांत गावोगावी मंदिरे उभी राहिली. नांदेड जिल्ह्यातील होट्टल आणि बीड जिल्ह्यातील धर्मापुरी ही ठळक नावे. बाराव्या शतकाच्या शेवटी देवगिरीच्या यादवांनी स्वतंत्र राज्य स्थापले, पण राजवट बदलली म्हणून पाथरवट बदलले नाहीत. त्यामुळे या भागातल्या एखाद्या मंदिराला ‘चालुक्य’ म्हणावे की ‘यादव’, असा वाद बऱ्याचदा निष्फळ ठरतो. कारागिरांची घराणी तीच, दगडही तोच होता.

शिखराच्या बाबतीत एक प्रवाह उत्तरेकडून आला. माळव्यात परमार राजांच्या आश्रयाने ‘भूमिज’ नावाचा शिखरप्रकार रूढ झाला. उदयादित्य परमाराने अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयपूर येथे बांधलेले उदयेश्वर मंदिर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. महाराष्ट्रात १०६० सालचे अंबरनाथ आणि पुढे सिन्नरचे गोंदेश्वर ही त्याच कुळातली. भूमिज शिखरावर चारही दिशांना तळापासून माथ्यापर्यंत चढत जाणारी एकेक उभी पट्टी असते. तिला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या प्रतिकृती माळेतल्या मण्यांसारख्या ओळीने बसवलेल्या असतात आणि वर जाताना लहान होत जातात. पाहणाऱ्याची नजर त्या ओळींना धरून वर आमलकापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या आवळ्यासारख्या दगडी चकतीपर्यंत पोहोचते.

या मंदिरांचा तळ आखण्याची रीत साधी आहे, आणि त्यातच तिची हुशारी आहे. चौथऱ्याच्या मध्यावर खुंटी ठोकायची, दोरी बांधायची आणि वर्तुळ काढायचे. वर्तुळात एक चौरस बसवायचा. मग तोच चौरस मध्याभोवती थोडा फिरवून पुन्हा आखायचा. दोन चौरस झाले की आठ कोपरे मिळतात, चार चौरस झाले की सोळा. बाहेरची रेषा कायम ठेवली की तारकाकृती तळ तयार होतो. चौरसातच टप्प्याटप्प्याने भिंत पुढे काढली तर दुसरा प्रकार मिळतो, आणि तो जास्त आढळतो. दोन्हींत भिंत सरळ राहत नाही, तिला घड्या पडतात. सकाळी सूर्य वर येऊ लागला की या घड्यांत उभ्या सावल्या पडतात, आणि काळ्या दगडाची भिंत सपाट दिसायची टळते. घड्यांचा दुसरा उपयोग बळकटीचा. घड्या घातलेला कागद उभा राहतो, सपाट कागद पडतो. भिंतीचेही तसेच आहे.

खालून वर मंदिर वाचत गेले की त्याची रचना उलगडते. सगळ्यात खाली जगती, म्हणजे मंदिराहून मोठा दगडी चौथरा. तिच्यावर अधिष्ठान : खुर, कुंभ, कणी असे आडवे थर. मोठ्या मंदिरांत त्यांच्या वर हत्तींची, घोड्यांची आणि माणसांची रांग येते. तिला गजथर, अश्वथर, नरथर म्हणतात. मग जंघा, म्हणजे भिंतीचा मुख्य भाग. देव-देवता, दिक्पाल आणि सुरसुंदरी येथे असतात. आत जाताना मुखमंडप, मंडप, अंतराळ आणि गर्भगृह असा क्रम लागतो, आणि प्रत्येक पायरीला उजेड कमी होतो. मंडपाच्या कडेला पाठ टेकून बसता येईल अशी दगडी आसने असतात. त्यांना कक्षासन म्हणतात. मंदिर हे पूजेबरोबर गावाच्या बैठकीचे, पुराण ऐकण्याचे, तंटे मिटवण्याचेही ठिकाण होते, याची ही दगडी खूण आहे.

मंडपाचे छत हे या कारागिरीतले सर्वांत देखणे गणित आहे. काळ्या पाषाणाची आडवी तुळई फार लांब घातली तर मध्ये तडकते, कारण दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. मग दहा फुटांच्या चौकोनी मोकळ्या जागेवर छत घालायचे कसे? चार खांबांवर चार तुळया टाकून चौकट करायची. तिच्या चारही कोपऱ्यांवर एकेक त्रिकोणी शिळा आडवी ठेवायची. मधे जी जागा उरते ती तिरकी फिरलेली चौकट असते आणि तिची बाजू दहाऐवजी सात फुटांची झालेली असते. तिच्यावर पुन्हा चार त्रिकोणी शिळा, की सातावरून पाच. पुन्हा चार, की पाचावरून साडेतीन. आता उरलेल्या जागेवर एकच शिळा झाकण म्हणून बसते, आणि तिच्या खालच्या अंगाला कमळ कोरलेले असते. प्रत्येक फेरीत मोकळी जागा निम्मी होत जाते. मंडपाच्या मधोमध असलेल्या रंगशिळेवर उभे राहून मान वर केली की एकात एक फिरत गेलेले हे चौकोन दिसतात. कुठेही कमान नाही, चुना नाही. प्रत्येक शिळेचा मागचा भाग भिंतीच्या वजनाखाली दाबलेला असतो, म्हणूनच तिचा पुढचा भाग अधांतरी राहू शकतो.

चुना न वापरता बांधलेल्या अशा सर्वच मंदिरांना लोक ‘हेमाडपंती’ म्हणतात. हेमाद्री पंडित ऊर्फ हेमाडपंत हा यादव राजे महादेव (१२६१–१२७१) आणि रामचंद्र यांचा करणाधिप म्हणजे दप्तराचा प्रमुख मंत्री, ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथाचा कर्ता. त्याच्या हयातीत मंदिरे बांधली गेली यात शंका नाही, पण अंबरनाथ त्याच्या दोनशे वर्षे आधीचे आहे. एका कर्तबगार मंत्र्याचे नाव सगळ्या बांधकामाला चिकटल्याने आधीच्या दोन शतकांतल्या कारागिरांचे श्रेय हरवले, ही या नावाची खरी हानी. पद्धत मात्र समजून घेण्यासारखी आहे. चिरे टाकीने इतके घासून-घडवून घेतलेले असतात की दोन चिऱ्यांच्या सांध्यात सुरीचे पाते जात नाही. एका चिऱ्याला खाच आणि दुसऱ्याला उंचवटा ठेवून ते एकमेकांत अडकवतात. बाकीचे काम वजन करते. भिंत आतून-बाहेरून घडीव चिऱ्यांची असते आणि मधल्या पोकळीत दगडगोट्यांची भर घातलेली असते. या भरीचा पुढे मंदिरांना मोठा त्रास झाला.

पाषाण निवडण्यातही कसब होते. हा काळा पाषाण लाव्हा थिजून बनलेला आहे, आणि त्याच्या काही थरांत वायूचे बुडबुडे अडकून दगड सच्छिद्र झालेला असतो. तो भरीला चालतो, मूर्तीला चालत नाही. मूर्तीसाठी, द्वारशाखेसाठी आणि खांबांसाठी घट्ट, बारीक कणांचा थर शोधावा लागे. येथील खांबांवर चौकोन, अष्टकोन आणि वर्तुळ एकाखाली एक येतात. पाषाण टणक असल्याने वाळूच्या दगडात निघते तसे जाळीदार खोल काम यात कमी निघते, पण कडा मात्र आठशे वर्षांनंतरही धारदार राहतात. दागिन्यांच्या साखळीतली कडी न् कडी आजही मोजता येते.

गंगाखेड तालुक्यातील धारासूर येथे गोदावरीच्या काठावर गुप्तेश्वर मंदिर आहे. जिल्ह्यातील मंदिरबांधणीचा कळस कोणता, याचे उत्तर या मंदिरात मिळते. उंच जगती, घड्या पडलेला तळ, जंघेवर ओळीने उभ्या सुरसुंदरी. कुणी आरसा धरला आहे, कुणी वाद्य. प्रत्येकीची उभी राहण्याची ढब वेगळी. मंदिराचा देह दगडी असला तरी शिखर विटांचे आहे. काळ्या पाषाणाच्या एका घनमीटरचे वजन तीन टनांच्या जवळपास जाते, विटांचे त्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी भरते. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर सगळ्यात उंच भाग सगळ्यात हलका ठेवणे यात मोठे शहाणपण होते. विटेमुळे छोटी शिखरे, कंगोरे, कोनाडे हे सगळे भराभर रचताही येत असे. मराठवाड्यातल्या बहुतेक मंदिरांची मूळ शिखरे पडून गेली असताना धारासूरचे शिखर शिल्लक राहिले, म्हणून अभ्यासकांना या मंदिराचे एवढे अप्रूप आहे.

वीट आणि दगड यांची अशी वाटणी जगात इतरत्रही झाली, पण उलट्या रीतीने. टायग्रिस नदीकाठच्या असिरियन लोकांनी आपली मंदिरे आणि झिगुरात नावाचे पायऱ्यापायऱ्यांचे मनोरे कच्च्या विटांचे बांधले. अश्शूर नगरात अनू आणि अदाद या दोन देवांचे जोडमंदिर होते आणि त्याला दोन झिगुरात होते. दुसऱ्या सार्गोन राजाने इ. स. पू. आठव्या शतकाच्या अखेरीस खोरसाबादला नवी राजधानी वसवली. तेथे दगड होता, पंख असलेले प्रचंड दगडी बैल दारात उभे होते, पण भिंतींचा गाभा मातीच्या विटांचाच होता. दगड दर्शनी, वीट भार वाहणारी. परभणीत दगडाने भार वाहिला आणि वीट माथ्यावर चढली. कच्ची वीट पावसाने विरघळते, म्हणून असिरियन मंदिरे मातीच्या टेकाडांत मिसळून गेली आणि एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत ती उकरून काढावी लागली. येथला पाषाण विरघळत नाही. मंदिर पडले तरी त्याचे चिरे शाबूत राहतात.

जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव तर मंदिरांचे संग्रहालयच म्हणावे असे आहे. गावात तीनशे साठ मंदिरे आणि तितक्याच विहिरी होत्या, असे लोक सांगतात. आकडा परंपरेचा, पण गावात पाऊल टाकताच तो का जन्मला ते कळते. गोकुळेश्वर, नरसिंहतीर्थ, जोड महादेव अशी मंदिरे आहेतच, शिवाय घरांच्या जोत्यांत, पारांवर, वेशीजवळ कोरीव चिरे आणि भग्न मूर्ती जागोजाग दिसतात. शैव, वैष्णव आणि जैन अशा तिन्ही परंपरांचे अवशेष येथे शेजारी शेजारी नांदतात. गावातला उंच कोरीव स्वतंत्र स्तंभ ही चारठाण्याची ओळख. कुणी त्याला दीपमाळ म्हणते, कुणी मानस्तंभ, कुणी विजयस्तंभ. छताचा भार नसलेला, केवळ स्वतःच्या वजनावर उभा असलेला हा खांब येथल्या पाथरवटांच्या अचूकपणाची कसोटी होता. बैठक केसभर जरी चुकली असती तरी शतकांच्या वाऱ्या-पावसात तो टिकला नसता.

मंदिराबरोबर पाणी आले. मराठवाड्यात मंदिराच्या पुढ्यात किंवा बाजूला बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, खोदण्याची प्रथा होती आणि परभणी जिल्हा अशा बारवांनी समृद्ध आहे. परभणीजवळील पिंगळी येथील बारव, आर्वीची बारव, चारठाण्याची बारव आणि सेलू तालुक्यातील वालूरची बारव ही काही नावे. वालूरच्या बारवेत पायऱ्या सरळ न उतरता गोल फिरत खाली जातात. बारवेच्या भिंतींतही तेच घडीव चिरे, तेच देवकोष्ठ, म्हणजे मूर्तींचे कोनाडे, असतात. मंदिर उलटे करून जमिनीत बसवावे अशी ही रचना आहे : तेथे पायऱ्यापायऱ्यांनी शिखर वर जाते, येथे पायऱ्यापायऱ्यांनी माणूस पाण्यापर्यंत खाली जातो. बारव खोदताना निघालेला दगड मंदिराला वापरला की वाहतुकीचे कष्टही वाचत.

औंढा नागनाथ आज हिंगोली जिल्ह्यात असले तरी १ मे १९९९ पर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते, आणि मंदिरबांधणीच्या इतिहासात ते येथलेच मानावे लागते. ज्योतिर्लिंग म्हणून त्याची ख्याती. संत नामदेव आणि विसोबा खेचर यांची कथा याच मंदिराशी जोडलेली आहे. वास्तू म्हणून पाहता येथे दोन काळ एकमेकांवर बसलेले दिसतात. खालचा भाग यादवकालीन, हत्तींच्या रांगा आणि दाट मूर्तिकाम असलेला. वरचा भाग नंतरच्या जीर्णोद्धाराचा, गुळगुळीत आणि चुन्याच्या गिलाव्याचा. गर्भगृह मंडपाच्या जमिनीखाली असून अरुंद वाटेने खाली उतरावे लागते.

मंदिरबांधणीचा हा बहर तेराव्या शतकाच्या शेवटी ओसरला. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि १३१८ पर्यंत यादवांचे राज्य पूर्णपणे संपले.  मंदिरांना मिळणारी गावांची उत्पन्ने तुटली, मोठे आश्रयदाते उरले नाहीत, आणि मोठे काम नाही म्हटल्यावर एवढे गणित बाळगणारी घराणीही पांगली. काही मंदिरे स्वाऱ्यांत फुटली, पण कितीतरी मंदिरे केवळ डागडुजी थांबल्याने गेली. पुढे चुना, कमान आणि घुमट आले. मराठेशाहीत जी मंदिरे नव्याने बांधली गेली त्यांत घडीव चिऱ्यांच्या भिंतींवर विटा-चुन्याची शिखरे चढली. वाडे, गढ्या आणि घाट यांच्यासाठी जुन्या मंदिरांचे तयार चिरे उचलले गेले. वाईट वाटते, पण ज्याला भिंत बांधायची आहे त्याच्या दारात घडवलेला दगड आयता पडलेला होता.

गोदावरीच्या पात्रातील मुद्गलचे मुद्गलेश्वर मंदिर या सगळ्यात वेगळे. दर पावसाळ्यात पूर त्याला वेढतो, कधी बुडवतोही. खडकावर बसलेले असल्याने ते टिकून आहे. मातीवर बसलेल्या मंदिरांना हे भाग्य लाभले नाही. त्यांच्या बाबतीत बिघाड ठरावीक क्रमाने होतो. शिखराच्या सांध्यात पिंपळ रुजतो. मुळांनी फट वाढते, तिच्यातून पावसाचे पाणी भिंतीच्या मधल्या भरीत शिरते. भर खाली बसते, बाहेरच्या चिऱ्यांना पोट सुटते. पायाखालची माती वर्षातून एकदा फुगते आणि एकदा आकसते, त्यामुळे जगतीचा एखादा कोपरा खचतो. मग चुना नसलेल्या सांध्यांची ताकदच त्यांची कमजोरी ठरते : एक चिरा निसटला की त्याच्यावर टेकलेले सगळे हलतात. धारासूरला नदीने काठ खात आणल्याने हेच संकट ओढवले.

अशा मंदिराची दुरुस्ती म्हणजे ते उतरवून पुन्हा रचणे. आधी प्रत्येक बाजूचे मोजमाप आणि छायाचित्रे घेतात. मग प्रत्येक चिऱ्यावर थराचा आणि जागेचा क्रमांक घालतात. माथ्यापासून एकेक चिरा उतरवून शेजारच्या मोकळ्या जागेत त्याच क्रमाने मांडतात. पाया खणून मजबूत करतात, आणि नंतर खालच्या थरापासून तेच चिरे त्याच जागी बसवत येतात. चुन्याने चिकटवलेली भिंत अशी उतरवता येत नाही, फोडावी लागते. बाराव्या शतकातल्या पाथरवटाने सांधा कोरडा ठेवला म्हणून एकविसाव्या शतकात त्याचे मंदिर सुटे करून पुन्हा जोडता येते. चिरा उचलला की त्याची कधीच दिसू नये अशी बाजू उजेडात येते, आणि तिच्यावर टाकीचे घाव तसेच ताजे असतात.